गावच्या महायुद्धाच्या दगडावर फक्त आकडा आहे? त्यामागची नावं शोधायची आणि जपायची कशी

आमच्या गावात जुन्या शाळेच्या भिंतीत एक पांढरा दगड आहे. त्यावर इंग्रजीत एवढंच लिहिलंय की या गावातून इतके पुरुष 1914-1919 च्या महायुद्धात गेले आणि त्यातल्या तिघांनी प्राण दिले. नाव एकही नाही. लहानपणी त्या दगडाला टेकून आम्ही डबा खायचो आणि घरी आजी सांगायची की तुझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ बसऱ्याला गेला तो आलाच नाही, पण हा दगड आणि ती गोष्ट एकच आहे हे कळायला मला चाळीशी गाठावी लागली. असे दगड सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पुणे या पट्ट्यात बऱ्याच गावांत आहेत, चावडीत, शाळेत, देवळाच्या आवारात. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी सगळ्यांना माहीत असतं, तिथले 46 जण त्या युद्धात कामी आले, पण बाकी गावांचे दगड कोणी वाचतसुद्धा नाही. तुमच्या गावात असा दगड असेल तर त्यातल्या आकड्याला नाव कसं मिळवून द्यायचं ते मी जमेल तसं सांगतो, दोन-तीन वर्षांत जे शिकलो ते सगळं.

थोडं मागचं आधी, कारण ते माहीत नसेल तर शोधायचं कुठे हेच कळत नाही. पहिलं महायुद्ध म्हटलं की आपल्याला फ्रान्सचे खंदक आठवतात, पण आपल्याकडचे शिपाई सगळ्यात जास्त गेले ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. गावाकडे त्यालाच बसरा म्हणायचे. 1914 च्या शेवटी जी सहावी डिव्हिजन बसऱ्याला उतरली तिचं नावच पूना डिव्हिजन होतं आणि तिच्यात 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर 1915 मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला मोठी लढाई झाली, तिथून माघार घेत या डिव्हिजनचे प्रमुख जनरल टाउनशेंड कुट-अल-अमारा या गावात आले आणि 7 डिसेंबर 1915 ला तुर्कांनी वेढा घातला. वेढा चालला 29 एप्रिल 1916 पर्यंत. शेवटी शेवटी घोडे कापून खायची वेळ आली, आपल्या कित्येक शिपायांनी धर्मापायी ते मांस बरेच दिवस तोंडात घातलं नाही, स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या, माणसं उभी राहीनात, आणि मग सुमारे 13,000 जण कैद झाले. तिथून वाळवंटातून चालवत नेलं, बऱ्याच हिंदी कैद्यांना रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलं. त्यातले किती परत आले ते ज्या त्या घरालाच माहीत. ही एवढी मोठी गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात नाही, कारण हे इंग्रजांचं युद्ध होतं आणि आपला लढा त्यांच्याच विरुद्ध होता. ते कारण मला समजतं. पण महिना अकरा रुपयांवर दुष्काळी मुलखातून गेलेला पोरगा साम्राज्य वाढवायला गेला नव्हता, घर चालवायला गेला होता, आणि त्याची आठवण ठेवली म्हणजे इंग्रजांचं कौतुक केलं असं होत नाही हे माझं स्पष्ट मत.

आता कामाचं. पहिलं म्हणजे दगड नीट वाचा आणि त्याला काही करू नका. हे दुसरं जास्त महत्त्वाचं. अक्षरं दिसत नाहीत म्हणून लोक लगेच ऑइलपेंट भरतात, नाहीतर चुना फासतात, खडू किंवा पीठ चोळतात, काही जण तर संडास साफ करायचं ॲसिड ओततात. संगमरवरावर ॲसिड पडलं की दगडच विरघळतो, अक्षराच्या कडा गेल्या की त्या परत येत नाहीत. आमच्या दगडावर शाळा रंगवताना लाल रंगाचे ओघळ आले होते ते आम्ही उत्साहात तारेच्या ब्रशने खरवडले आणि एका कोपऱ्यातला आकडा अर्धा घालवला, तो आता जुन्या फोटोवरूनच वाचावा लागतो, आणि त्याची मला आजही टोचणी आहे. तर साधं पाणी, मऊ ब्रश, बस. साबण पण नको. शेवाळ असेल तर पाणी मारून थोडा वेळ थांबा आणि लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीने हळूच काढा.

वाचायची युक्ती अशी की संध्याकाळी अंधार पडल्यावर जायचं, मोबाईलची बॅटरी दगडाच्या अगदी बाजूला, भिंतीला समांतर धरायची, म्हणजे उजेड आडवा पडतो आणि झिजलेल्या अक्षरांच्या सावल्या उठून दिसतात. चारी बाजूंनी उजेड टाकून चार फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून एक, आणि लांबून एक ज्यात आजूबाजूची भिंत दिसेल. लोकेशन सेव्ह करा. हे आजच करा, कारण शाळेची नवी इमारत मंजूर झाली की जुनी भिंत जेसीबीने पडते आणि दगड भरावात जातो, असं झालेलं मी एका शेजारच्या गावात पाहिलंय. दगडाभोवती सिमेंट थापू नका, ओल आत कोंडते आणि क्षार बाहेर येऊन पापुद्रे सुटतात.

दगडावर 1914-1918 ऐवजी 1919 का असं विचारतात बरेच जण. लढाई 1918 च्या नोव्हेंबरात थांबली पण व्हर्सायचा तह जून 1919 ला झाला, म्हणून.

दुसरं काम घरोघरी. हे सगळ्यात आवडतं काम माझं आणि सगळ्यात घाईचंही, कारण ज्यांनी ऐकलंय ती माणसं नव्वदीत आहेत. जाताना "महायुद्धात कोण होतं का" असं विचारू नका, कोणाला काही आठवत नाही. "बसऱ्याला कोण गेलं होतं", "पलटणीत कोण होतं", "कोणाच्या घरी पेन्शन यायची", "कोणती आजी नवरा परत येईल म्हणून शेवटपर्यंत कुंकू लावायची" असं विचारा. मग बघा. आणि ट्रंका उघडायला सांगा. त्यात तीन वस्तू शोधायच्या. एक म्हणजे पदकं. त्या वेळच्या पदकांच्या कडेवर, म्हणजे नाण्याची जशी जाडी असते तिथे, नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. भिंग घ्या, पदक पॉलिश करू नका. 1914-15 चा स्टार चांदणीच्या आकाराचा आणि त्याची माहिती मागच्या बाजूला असते. गोल चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल शिपायांना, आणि तेच ब्राँझचं असेल तर माणूस बहुतेक मजूर, खेचरवाला, भिस्ती अशा कामावर होता हे लगेच कळतं. दुसरी वस्तू म्हणजे तळहातापेक्षा थोडी मोठी, साधारण 12 सेंटीमीटरची ब्राँझची चकती, एक बाई आणि सिंह कोरलेला असतो आणि चौकटीत नाव. ही मेलेल्या सैनिकाच्या घरी पाठवायचे. त्यावर हुद्दा मुद्दाम लिहीत नसत, मेल्यावर सगळे सारखे म्हणून. एका घरात ती देव्हाऱ्यात होती, देवीचा टाक समजून तिची रोज पूजा व्हायची, आणि नाव वाचून दाखवल्यावर त्या घरातल्या काकू काही बोलल्याच नाहीत, नुसता पदर लावला तोंडाला. तिसरी वस्तू कागद, डिस्चार्जचा किंवा पेन्शनचा. त्यातला सेवा क्रमांक वहीत उतरवा, तोच खरा धागा.

आता शोध. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणून संस्था आहे, 1917 पासूनची, जगभरच्या युद्धकबरी आणि स्मारकं सांभाळते. तिच्या वेबसाइटवर मृत सैनिकांची यादी फुकट शोधता येते, 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 पर्यंत मेलेले त्यात धरलेत, म्हणजे गोळीने मेलेलाच पाहिजे असं नाही, कॉलऱ्याने गेलेला पण येतो. तिथे नुसतं आडनाव टाकलं की काही सापडत नाही आणि लोक नाद सोडतात. कारण नावं साहेबाच्या कारकुनाने ऐकू आली तशी रोमन लिपीत लिहिलीत. जाधवच्या शेवटी व्ही ऐवजी ओ असतो, भोसलेच्या मध्ये एन घुसलेला असतो, चव्हाणचे तर पाच-सहा प्रकार, आणि पुष्कळदा आडनावच नाही, नुसतं नाव. म्हणून उलटं जा. पलटण टाका, देश इराक टाका, मग जी यादी येते तिच्यात "अधिक माहिती" या रकान्यात वडलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असं मिळतं ते वाचत बसा. चहाचा थर्मास भरून बसा, वेळ लागतो.

इथे एक मोठी गफलत होते. जिल्हे तेव्हाचे आहेत. रायगड तेव्हा कुलाबा होता, सिंधुदुर्ग जिल्हा 1981 ला झाला त्यामुळे मालवण, कणकवली, देवगड सगळं रत्नागिरीत सापडेल, सावंतवाडी वेगळं संस्थान, कोल्हापूर, सांगली पण संस्थानं. गावाचं स्पेलिंग तर विचारू नका, मोठ्याने वाचून बघायचं, तोंडाने म्हटलं की कानाला ओळखू येतं.

पलटणीचे नंबर पण बदलले. 1922 ला सगळ्यांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री केली, त्यात 103 ची पहिली बटालियन झाली, जी आज जंगी पलटण म्हणून ओळखतात, 105 ची दुसरी म्हणजे काळी पाचवी, 110 ची तिसरी, जी पुढे पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली, 116 ची चौथी, 117 ची पाचवी आणि 114 ची दहावी, ती ट्रेनिंगची. रेजिमेंटल सेंटर बेळगावला. घरचे म्हणतात "आमचे आजोबा जंगी पलटणीत होते", तर तुम्ही यादीत 103 शोधायचं. आणि सगळे मराठा पलटणीतच होते असंही धरून चालू नका. 1917 ला 111 वी महार पलटण उभी केली आणि 1921 मध्ये मोडून टाकली, त्या लोकांचा उल्लेख गावच्या गप्पांत क्वचितच येतो. मजूर तुकड्या, खेचरांच्या तुकड्या, दवाखान्याचे डोलीवाले, स्वयंपाकी, झाडूवाले, ही माणसं दगडावरच्या आकड्यात असतात आणि गावाच्या आठवणीत नसतात. गावातल्या सगळ्या वाड्या-वस्त्यांवर जा, फक्त पाटलाच्या आळीत चौकशी करून परत येऊ नका, मी कळकळीने सांगतो. कोकणातल्या गावांनी खलाशांचा पण शोध घ्यावा. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये 1914-18 चं स्मारक आहे, ज्यांना समुद्राशिवाय कबर नाही अशा दोन हजारांहून जास्त खलाशांचं.

नाव सापडलं की त्याचं स्मारक कुठलं ते पण दिसतं. मेसोपोटेमियात बेपत्ता झालेले बहुतेक बसरा मेमोरियलवर. आणि इथे जीव तुटतो. त्या भिंतीवर इंग्रजांची सगळी नावं कोरलेली, आपल्या फक्त ऑफिसरांची, आणि शिपायांचं काय तर पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. आमच्या गावच्या दगडासारखंच. इराकमधल्याच अमारा गावी नदीच्या डाव्या तीरावर हिंदी सैनिकांचं दफनस्थान आहे तिथे जवळपास 5,000 जण आहेत आणि ओळख पटलेले फक्त नऊ, कारण नोंदच ठेवली नाही. 2021 मध्ये कमिशनने स्वतःच अहवाल काढून मान्य केलं की आशिया, आफ्रिकेच्या सैनिकांना नावं देताना भेदभाव झाला, आणि तेव्हापासून राहिलेली नावं डिजिटल यादीत आणायचं काम चालू आहे. बसरा मेमोरियल तर 1997 ला सद्दाम हुसेनच्या हुकमाने मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्याला वाळवंटात नेलं, तिथे आपण कोणी जाणार नाही. म्हणून माझं म्हणणं, नाव गावात कोरायचं. आपल्याकडे वीरगळ उभी करायची रीत होती ती रणात नाही, गावाच्या वेशीवर, जिथला माणूस तिथे.

पण कोरायच्या आधी खात्री. एकाच नावाची पंधरा माणसं असतात. माझा नियम असा आहे की वडलांचं नाव, गाव आणि पलटण किंवा नंबर या तिघांतल्या किमान दोन गोष्टी दोन वेगळ्या ठिकाणी जुळल्या पाहिजेत, म्हणजे कमिशनची यादी आणि घरचं पदक, किंवा यादी आणि सरकारी दप्तर. दप्तर म्हणजे काय तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जुनं कोतवाल बुक असतं, जन्ममृत्यूची नोंद, ते बघा, आणि जमिनीचे जुने फेरफार, कारण माणूस गेल्यावर वारसाची नोंद लागते आणि तिथे कधी कधी "लढाईत मयत" असा शेरा सापडतो. बरंचसं मोडीत असतं. मोडी वाचणारं कोणी नसेल तर पुण्या-मुंबईत पुराभिलेखाच्या मोडीच्या वर्गांना जाऊन आलेली माणसं आता बऱ्याच जिल्ह्यांत आहेत, विचारलं की आनंदाने येतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक चक्कर मारा. लंडनच्या आर्काइव्हजमध्ये पलटणींच्या युद्धडायऱ्या आहेत पण त्यात साध्या शिपायाचं नाव क्वचितच येतं, त्यामुळे तो खर्च शेवटी. कैदेत गेलेल्यांच्या मृत्यूच्या तारखा फार पक्क्या धरू नका.

यादीत चूक दिसली, किंवा तुमच्याकडे पुरावा आहे आणि नावच नाही, तर कमिशनला लिहा, फोटो जोडा, ते दुरुस्ती करतात. वाट बघावी लागते.

मग येतो ग्रामसभेचा भाग. गावची ग्रामसभा कधी आहे ते ग्रामपंचायतीत विचारा आणि त्यात ठराव मांडा. दोन ओळींचा ठराव करू नका. जुना दगड आहे त्या जागी राहील, इमारत पाडायची वेळ आली तर आधी तो सुटा करून नव्या जागी बसवला जाईल आणि तसं केल्याची नोंद प्रोसिडिंगला होईल, हे शब्द पाहिजेतच. दगड देवस्थानच्या जागेत असेल तर ट्रस्टचं पत्र घ्या. संरक्षित वास्तूच्या आवारात असेल तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय खिळा पण ठोकायचा नाही. 2023 ला माझी माती माझा देश मध्ये बऱ्याच ग्रामपंचायतींनी शिलाफलक लावलेत, तिथेच शेजारी जागा मिळाली तर उत्तम.

नावं जुन्या दगडावर कोरू नका. तो आहे तसा राहू दे, तो पण इतिहास आहे. शेजारी वेगळा फलक करा. संगमरवर उघड्यावर झिजतो, काळा बेसाल्ट नाहीतर ग्रॅनाइट घ्या, अक्षर खोल कोरून घ्या, नुसतं रंगवलेलं नको आणि फ्लेक्स तर नकोच, पोराच्या बारशाचा आणि मेलेल्या सैनिकाचा बोर्ड एकाच कापडावर नसावा. देवनागरीत नाव, वडलांचं नाव, पलटण, मृत्यूचं वर्ष आणि ठिकाण. क्रम अक्षराप्रमाणे. सुभेदार वर आणि भिस्ती खाली असं नाही, वाडीप्रमाणे पण नाही. आणि अनावरण कोणाच्या हस्ते ते समोर लिहायचं नाही, देणगीदारांचं पण नाही, त्यासाठी मागची बाजू आहे. यावर आमच्याकडे दोन बैठका मोडल्या, तिसरीत जमलं.

शब्दांचं पण बघा. धारातीर्थी पडले असं सरसकट लिहायचा मोह होतो. पण कोणी अमाऱ्याच्या दवाखान्यात हगवणीने गेलं, कोणी कैदेत, कोणी बोटीवर. आपल्याकडे जुना शब्द आहे, कामी आले. तो सगळ्यांना लागू पडतो आणि खोटाही नाही. मजकूर एवढाच ठेवा, "1914 ते 1919 च्या महायुद्धात या गावातून गेलेले आणि परत न आलेले", मग नावं, आणि दगडावरच्या मृतांच्या आकड्याइतक्या ओळी आखा. सापडलं नाही ते रिकामं ठेवा. जागा भरायला अंदाजाने नाव घालू नका, ते त्या माणसावर पण अन्याय आणि दुसऱ्यावर पण.

दिवस ठरवताना सरकारी दिवसाची गरज नाही. 11 नोव्हेंबर, ज्या दिवशी लढाई थांबली, तो बऱ्याच देशांत पाळतात, तो घ्या, किंवा तुमच्या गावचे लोक कुटच्या वेढ्यात असतील तर 29 एप्रिल घ्या, परीक्षा संपलेल्या असतात, मुंबई-पुण्याची माणसं गावी यायला लागलेली असतात. भाषणं नकोत. शाळेतल्या पोरांनी एकेक नाव वडलांच्या नावासकट मोठ्याने वाचायचं, त्या घरचं कोणी हजर असेल तर त्यांनी फूल ठेवायचं, दहा मिनिटांत होतं. फोटो आणि पुराव्यांची एक फाइल ग्रामपंचायतीत, एक शाळेत आणि एक ऑनलाइन ठेवा, कागद एकाच ठिकाणी असला की वाळवी त्यालाच लागते.

आमच्या फलकावर तीन ओळी आहेत. पहिलीवर पणजोबांच्या भावाचं नाव, 110 वी पलटण, बसरा मेमोरियल. दुसरीवर खेचरांच्या तुकडीतला एक जण, त्याच्या घरचे आता वसईला असतात, ते पहिल्यांदा गावी आले ते त्या दिवशी. तिसरी ओळ रिकामी आहे. त्याच्यासाठी तहसीलमधल्या कोतवाल बुकाची पानं आम्ही दर शनिवारी दोन तास वाचतो, सध्या 1917 चा श्रावण चालू आहे.